पिकअपचा ब्रेक होज वट्ट्यासमोर बदलताना

माझी पिकअप २०११ची. अंबड तालुक्यातून जालन्याच्या मार्केटला मोसंबी नेते, येताना खताच्या गोण्या आणते. गेल्या चैत्रात रिकामी येताना डावीकडं वढायला लागली. म्हणलं चाकात हवा कमी असंल. उतरून बघतो तर हवा बरोबर, पण पुढच्या डाव्या चाकाला जळकट वास. रिमवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, चर्रकन उडालं.

मिस्त्रीनं कॅलिपर, म्हणजे चाकावर ब्रेक आवळणारा भाग, खोललं, पिस्टनचं किट टाकलं, पैसे घेतले. आठ दिवसांत पुन्हा तेच. दोष कॅलिपरमध्ये नव्हताच. कॅलिपरला जाणारा रबरी होज आतून फुगला होता. ब्रेक दाबताना पायाच्या जोरानं ऑईल पुढं जातं, पण पाय उचलल्यावर ते मागं ढकलायला तेवढा जोर कुणाचाच नसतो. आतलं भोक बुजत आलं की ऑईल तिथंच कोंडतं आणि ब्रेक चिकटून राहतो. वरून होज बघाल तर चांगला काळाभोर.

हे पैसे न घालवता ओळखता येतं. चाक उचला, ब्रेक दोन-तीनदा दाबून सोडा. चाक हातानं फिरत नसेल तर कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल अर्धा आटा सैल करा. पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं, म्हणजे पिस्टन ठीक आहे, दाब अडकलाय. निप्पल बंद करून चाक पुन्हा जाम करा. आता होजच्या वरच्या टोकाला लोखंडी पाईपचा नट सैल करा. तरीही चाक जामच राहिलं, तर होजच गेलेला. नट सैल करताच सुटलं, तर दोष वर आहे, पेडलच्या जोरानं ऑईल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडं बघा.

दुकानात जुना होज सोबत न्या. लांबी आणि दोन्ही टोकांचे आटे जुळवून घ्या. ‘बसतंय हो’ म्हणणाऱ्यावर जाऊ नका. दोन्ही बाजूंचे एकदमच घ्या, दोघं एकाच वयाचे असतात. तांब्याची वायसरं नवी घ्या, होज कॅलिपरला धरणाऱ्या एका बेंजो बोल्टला दोन. जुनी दबलेली असतात, पुन्हा लावली की झिरपतात. ब्रेक ऑईल सीलबंद डब्यातलंच. गाडीतल्या ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जी जात लिहिलीय तीच. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ कोरडं असताना निदान २०५ अंश तापल्याशिवाय उकळत नाही, पण पाणी धरलं की तीच मर्यादा १४०पर्यंत उतरू शकते. भरलेली गाडी घेऊन मांजरसुंब्याचा घाट उतरताना ऑईल उकळलं तर पायाखाली नुसती वाफ राहते. आणि इंजिन ऑईल चमचाभरसुद्धा टाकू नका, सगळी रबरं फुगतात.

आमच्याकडं जमीन काळी, जॅक खाली रुततो. मी शहाबादी फरशीचा तुकडा ठेवतो. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक वर, आणि चेसीखाली लोखंडी घोडी. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, वीट सांगून फुटत नाही.

खरी परीक्षा त्या वरच्या नटाची. १४ वर्षांची धूळ आणि गंज. आदल्या रात्री तारेच्या ब्रशनं घासून गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी चिंधीनं कोरडं केलं, म्हणजे ते तेल आत जायला नको. साध्या उघड्या पान्यानं हा नट हमखास गोल होतो. पाईपसाठीचा कापलेला रिंग पाना मिळतो, तोच घ्या. माझ्या गाडीला १०चा लागला, तुमच्या गाडीला ११चा लागू शकतो. दुसऱ्या पान्यानं होजचं टोक घट्ट धरायचं आणि नट फिरवायचा. नटाबरोबर लोखंडी पाईपही पिळायला लागला की थांबा. थोडं पुढं, थोडं मागं करत सोडवा. उजवीकडं माझी घाई झाली आणि पाईपला पीळ पडला. तो पाईपही नवा करून घ्यावा लागला.

नट सुटला की ऑईल टपकतं. त्याआधीच टाकीच्या झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी दाबून झाकण लावा, गळती मंदावते. टाकी कोरडी पडू देऊ नका, नाहीतर चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढत बसाल. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा. माझ्या बंपरवर वीतभर रंग पापडासारखा सुटलाय.

होज धरून ठेवणारी क्लिप पक्कडीनं ओढून काढा, खालचा बेंजो बोल्ट सोडा, होज हातात येतो. नवा बसवताना एक वायसर बोल्टाच्या डोक्याखाली, दुसरं होज आणि कॅलिपरच्या मध्ये. वरचा नट आधी बोटांनीच तीन-चार आटे चढवा, मग पाना. बेंजो पोकळ असतो, जोर दाखवलात तर तुटतो. होजवर छापलेली रेघ सरळ दिसली पाहिजे; वळली असेल तर होज पिळलाय. स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा, कुठं ताणत किंवा टायरला घासत नाही ना.

आता ब्रेकच्या ऑईलमध्ये शिरलेली हवा काढायची. झाकणाखालची पिशवी आधी काढा. निप्पलला दवाखान्यातली सलाईनची नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या थोड्या ऑईलमध्ये बुडवलं, इंजिन बंद. पेडलवर पुतण्या. पहिल्या फेरीत मी निप्पल उघडलं आणि ‘सोड’ म्हणालो. मला म्हणायचं होतं जोर लावून खाली जाऊ दे, त्यानं पायच उचलला. नळीतून हवा परत आत गेली.

“काका, तुम्हीच तर सोड म्हणलात!”

मग ठरवलं: त्यानं फक्त ‘दाबला’ म्हणायचं, मी निप्पल उघडून बंद करायचं, आणि मी ‘उचल’ म्हणेपर्यंत पाय हलवायचा नाही. पेडलखाली लाकडाचा गुटका ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरचं रबर रोज जिथवर जात नाही, तिथं गंज असतो. पेडल तळापर्यंत नेलं की रबर फाटू शकतं. मध्येच टाकीत ऑईल भरत राहा. नळीत बुडबुडे थांबून साफ ऑईल यायला आम्हाला प्रत्येक बाजूला दहा-बारा फेऱ्या लागल्या. पेडल तरीही मऊ लागलं तर चारी चाकांची काढा, मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून. आपल्याकडं ते मागचं डावं.

शेवटी पेडल मिनिटभर जोरात दाबून धरायला सांगा आणि तुम्ही जोडांवर कोरडं बोट फिरवा. इंजिन सुरू केल्यावर पेडल जरा खाली जातं, तो पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा गुण. खाली जातच राहिलं तर गाडी हलवू नका. मी आधी शेतातल्या गाडीवाटेनं चालवली, मग वडीगोद्रीपर्यंत नेली, उतरून दोन्ही हब हातानं चाचपले. सारखेच कोमट.

घरी आल्यावर पुतण्यानं जुना डावा होज ब्लेडनं उभा चिरला. आतल्या भोकातून गोणी शिवायचा दाभण जाईना, शिवणाची सुई तेवढी गेली. मग उजवाही चिरला. त्याचा कधी त्रास नव्हता, पण तोही निम्मा बुजलेला.