रंगाचं ‘पाणी’ मागताना या चुका टाळा

“अण्णा, रंगात घालायचं पाणी द्या.” सोलापूरच्या पूर्व भागातल्या माझ्या रंगाच्या दुकानात हे रोज ऐकतो. पाणी म्हणजे रंग पातळ करायचं द्रव. मी आधी विचारतो, रंग कोणता? ऑइलपेंट असेल तर टर्पेंटाइन, लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा चकचकीत लेप, असेल तर थिनर. एका गिऱ्हाइकानं घरातलं लॅकरचं थिनर ऑइलपेंटमध्ये ओतलं आणि जुन्या ग्रिलवर हात मारला. खालचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतून वर आला. सगळी ग्रिल खरवडावी लागली.

टर्पेंटाइन मुळात चिडाच्या डिंकापासून निघतं. रंगाच्या दुकानात स्वस्तात मिळतं ते बहुधा मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे खनिज तेलातलं, रॉकेलच्या जवळचं. ऑइलपेंटला ते चालतं.

बेंझिनचा घोळ मोठा आहे. डाग काढायचं बेंझिन (benzine) हे हलक्या पेट्रोलसारखं मिश्रण. प्रयोगशाळेतलं बेंझीन (benzene) हे एकच रसायन, 80 अंशांना उकळणारं, आणि त्यानं रक्ताचा कॅन्सर होतो. बोलताना फरक कळत नाही, म्हणून डब्यावरचं इंग्रजी स्पेलिंग वाचाच. पेट्रोलियम ईथर या हलक्या पेट्रोलसारख्या मिश्रणात तर ईथर नसतंच. तेही पेट्रोलइतकंच पेट घेणारं.

सगळ्यात जास्त जीव घाबरतो तो रॉकेलच्या जागी पेट्रोल वापरणाऱ्यांमुळे. रॉकेलची वाफ पेट घ्यायला किमान 35 अंश तापमान लागतं, पेट्रोलची उणे 40 च्या आसपासही पेटते. स्टोव्हमध्ये चुकून पेट्रोल गेलं तर भडकाच. आणि रॉकेल, टर्पेंटाइनलाही निर्धास्त समजू नका. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. तेव्हा तीही पेटायला तयार असतात. कारखान्यात विणलेल्या टॉवेलवरचा तेलाचा डाग यंत्रमागाशेजारीच पेट्रोलनं पुसतात, तेही थांबवा. वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकते. मागाच्या मोटारीची एक ठिणगी पुरते, आणि भोवती कापसाचे बारीक तंतू असतातच.

उरलेलं काहीही पाण्याच्या बाटलीत भरू नका. पोरानं चुकून रॉकेल प्यायलं तर उलटी करवू नका, ते फुफ्फुसात उतरतं. मूळ बाटली किंवा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा, म्हणजे नेमकं काय पोटात गेलंय ते डॉक्टरांना कळेल.