लीड, ट्रेल आणि रोटेशन: बास्केटबॉलच्या पंचाने उभं कुठे राहायचं?

पुण्यात शाळा-कॉलेजच्या मॅचला पंच बहुधा दोनच असतात, म्हणून आधी दोघांचंच बघू.

कोर्ट 28 बाय 15 मीटर. एक पंच एंडलाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेषेच्या बाहेर, तो लीड. दुसरा खेळाच्या मागे, डाव्या अंगाला, तो ट्रेल. दहाही खेळाडू या दोघांच्या मध्ये राहिले पाहिजेत. बॉल दुसऱ्या टीमकडे गेला की ट्रेलने जोरात पळत पुढची एंडलाइन गाठायची आणि लीड व्हायचं. जुना लीड मागून येऊन ट्रेल होतो. पळताना मान कोर्टकडे वळलेली हवी.

एंडलाइनवर पोचलात की बास्केटच्या बरोबर खाली थांबू नका. तिथून नुसती गर्दी दिसते. पोस्टवर, म्हणजे बास्केटजवळ पाठ करून उभ्या असलेल्या खेळाडूला डिफेंडर मागून टेकलेला असतो तेव्हा सरळ रेषेतून दोघं चिकटलेलेच वाटतात. दोन पावलं बाजूला सरका, अंग जरा तिरकं ठेवा. कोपर आणि बरगडी यांच्यातली फट दिसू लागते. धक्का खरा की नाटक, ते तिथे कळतं. बॉलकडे बघायला सगळं मैदान आहेच!

ट्रेलने सेंटर लाइनपाशी रेंगाळू नये. शॉट सुटला की लगेच परत फिरायचीही घाई नको. बॉल बास्केटवर असताना कोणी हात लावतंय का, रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल पकडताना कोणी मागून चढतंय का, हे त्यानेच बघायचं.

तीन पंच असतील तर लीड आणि ट्रेल एका बाजूला, तिसरा पंच, म्हणजे सेंटर, समोरच्या बाजूला. बॉल सेंटरच्या बाजूला जाऊन तिथे स्थिरावला की लीड एंडलाइनने पलीकडे जातो. मग सेंटर ट्रेल होतो, ट्रेल सेंटर. हेच रोटेशन. सुरुवात नेहमी लीडनेच करायची. शॉट सुटायच्या बेतात असेल किंवा ड्राइव्ह, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे मुसंडी, सुरू झाली असेल तर मात्र जागा सोडू नका. ओलांडताना नजर पेंटमधल्या, म्हणजे बास्केटसमोरच्या आखलेल्या चौकोनातल्या खेळाडूंवर हवी, आणि फाउल दिसला तर चालता चालताही शिट्टी मारायची.

सरावासाठी डेक्कन जिमखान्यावर एखादी मॅच लागली की बाजूला बसा आणि पाच मिनिटं बॉल सोडून फक्त लीडचे पाय बघा.