पिकअप गेलेली जुनी डिओ: आधी बेल्टचं कव्हर उघडा

जुनी कार्बोरेटरवाली होंडा डिओ स्कूटर उचलत नाही म्हटलं की सल्ला तयार असतो: ‘बोअर-पिस्टन करून टाका.’ एवढी घाई नको. चोर्ला घाटाच्या चढाला इंजिनाचा आवाज चढतोय आणि वेग मात्र वाढत नाही, असं असेल तर दोष बहुतेक वेळा डाव्या कव्हराआड, इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणाऱ्या बेल्ट-रोलरमध्ये असतो. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, ऑइल वरचेवर कमी होत असेल, तरच इंजिन उघडायचं बघा.

कव्हर उघडण्याआधी दोन मिनिटांचं काम. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हाताने फिरवा. जड फिरलं तर ब्रेकचा कॅम, म्हणजे ब्रेक शू फाकवणारा तुकडा, बहुधा चिखलाने अडकलाय. ड्रम उघडून साफ करा, लिव्हरला 10 ते 20 मिमी फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) ठेवा. निम्मी ‘पिकअप’ची तक्रार इथेच मिटू शकते.

आता कव्हर. इंजिन थंड असू द्या. किक काढा, बोल्ट सोडवा. बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून त्या-त्या जागी खोचून ठेवा. पुढच्या पुलीचा नट सोडवताना पंख्याच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवू नका, पाती तुटतात. होल्डर वापरा.

बेल्ट आतून वाकवून बघा. दातांच्या मुळाशी चीर असेल तर तो गेला. चीर नसली तरी व्हर्नियरने रुंदी नव्या बेल्टशी ताडून पाहा. झिजून अरुंद झालेला बेल्ट पुढच्या पुलीत खोल बसतो, म्हणून टॉप स्पीड पडतो. साधारण 20 ते 25 हजार किलोमीटरला बदलावाच. खानापूर भागातल्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर रोज धावणाऱ्या गाडीला त्याहून लवकर, कारण पुलीचा पंखा थंडाव्यासाठी हवा ओढतो आणि हवेबरोबर फुफाटाही आत येतो.

मग व्हेरिएटरमधले, म्हणजे पुढच्या पुलीतले, सहा रोलर. एकेक बोटांत धरून फिरवा. गोल फिरता फिरता सपाट जागेवर अडला, तर तो चपटा पडलाय. असा रोलर व्हेरिएटरच्या आतल्या उतारावर नीट सरकत नाही, पुली पूर्ण मिटत नाही, गाडी अडकल्यासारखी चालते. एकच खराब निघाला तरी सहाही बदला, आणि वजन कंपनीचंच ठेवा. काढण्याआधी फोटो घ्या, म्हणजे बसवताना तोंड उलटं होत नाही.

उठताना गाडी थरथरते? क्लचच्या वाटीवर आणि शूवर चकाकी आलेली असते. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने ती घालवा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा. फुंकर किंवा हवेचा पाइप नको, ती धूळ नाकात जाता कामा नये. बेल्ट आणि पुलीच्या पृष्ठभागाला ग्रीसचं बोटही लागू देऊ नका.

बसवताना होणारी मोठी चूक सांगतो. मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबा, म्हणजे पुढे ढिला येईल. मगच पुढचा नट आवळा. बेल्ट पुलीच्या दोन तोंडांत चिमटला तर नट घट्ट झाल्याचा भास होतो, गाडी चालली की तो ढिला पडतो आणि शाफ्टच्या दातांची वाट लागते. आवळल्यावर बेल्ट मोकळा हलतोय ना, बघा.

बाकी कामं थोडक्यात. इंजिन ऑइल 10W-30, स्कूटरसाठीचं एमबी ग्रेडचं, साधारण 700 ते 800 मिली. डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून लेव्हल बघा. गिअर ऑइल वेगळं असतं, 100 ते 120 मिली, तेच हमखास विसरलं जातं. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर तो धुऊ नका, बदला. टायरमध्ये हवा पुढे 22, मागे एकट्यासाठी 29, डबल सीटला 36 पीएसआय.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल बाटलीत काढा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा ओढतं, त्याने जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) चोंदतो आणि जुनं रबर फुगतं.