धुक्यातली होडी ओळखायचीय? फिल्टर लावताना या चुका टाळा

बेळगावात समुद्र नाही, तरी फायनल इयरला ‘जहाज ओळखणारी सिस्टिम’ घेणारी मुलं भेटतातच. मग फोटोंसाठी चोर्ला घाट गाठायचा. तिथलं धुकं खरं, पण लाट, फेस, पाण्यावरची चमक, क्षितिज यातलं काहीच नाही, आणि पुढे नडतं तेच. कारवारला गेलात तर नौदल तळाकडे कॅमेरा रोखू नका, नसती आफत ओढवेल. त्यापेक्षा सिंगापूर मेरीटाइम डेटासेट (समुद्रातल्या जहाजांच्या व्हिडिओंचा तयार संग्रह) घ्या.

सगळ्यात जास्त घात करतो मीडियन फिल्टर. पावसाचे ठिपके जावेत म्हणून लावतात. ३×३ च्या खिडकीत पिक्सेल नऊ, त्यातला उजळपणाच्या क्रमाने पाचवा निवडला जातो. लांबची होडी २×२ पिक्सेलची असेल तर खिडकीत तिचे फार तर चार येतात, बाकी पाणी. होडी गायब, फोटो मात्र चकाचक! एका पिक्सेलच्या डोलकाठीचीही हीच गत. त्याऐवजी लागोपाठच्या पाचेक फ्रेम क्षितिजावर जुळवून, त्याच जागेच्या पिक्सेलांचा मीडियन काढा. लाटेची चमक जागा बदलते. लांबची होडी तेवढ्यात फारशी हलत नाही.

धुकं काढायला २००९ ची डार्क चॅनल पद्धत वापरता? स्वच्छ फोटोच्या प्रत्येक छोट्या भागात लाल, हिरवा, निळा यांतला एखादा रंग तरी शून्याजवळ असतो, असं ती धरून चालते. आभाळ, फेस, पांढरी बोट हे मानत नाहीत. आभाळात डाग पडतात, बोट काळवंडते. आधी क्षितिजाची रेषा शोधा, हवेच्या उजेडाची (म्हणजे धुक्याच्याच उजळपणाची) किंमत तिच्यालगतच्या पट्टीतून घ्या आणि ट्रान्समिशन (धुक्यातून कॅमेऱ्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाचा वाटा) ०.१ च्या खाली जाऊ देऊ नका.

क्लाहे (फोटोच्या छोट्या छोट्या भागांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारी पद्धत) नेहमी नॉइज कमी केल्यावर. ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या लायब्ररीत क्लिप लिमिट (कॉन्ट्रास्ट किती वाढू द्यायचा ती मर्यादा) दिली नाही तर ती ४० धरली जाते, मग प्रत्येक लाट होडीसारखी उठून दिसते. २-३ पासून सुरुवात करा.

थर्मल कॅमेऱ्यानेही दाट धुक्यात फार हाती लागत नाही.

मॉडेल कच्च्या फोटोंवर शिकवून चाचणीला फिल्टर केलेले देऊ नका. आणि गाइड सरांना फोटो आवडला, पीएसएनआर (फोटो मूळ फोटोशी किती जुळतो ते सांगणारा आकडा) वाढला, एवढ्यावर खूश होऊ नका. फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय किती होड्या सापडल्या, किती लाटा होडी ठरल्या, ते मोजा.

प्रत्येक फ्रेममध्ये धूसर डाग त्याच जागी दिसतोय? मग कोडला हात लावू नका. लेन्सवर खार बसलाय. गोड्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपा.