इतिहासाचा तास: १९३० साल वर्गात कसं खेळवावं

प्रश्नमंजूषा घेतली की वर्गात गलका होतो, पण हात वर करणारी मुलं तीच चार. बाकीची चाळीस टाळ्या वाजवतात. मी बरीच वर्षं आठवीच्या वर्गाला असंच खेळवलं. मग एकदा सहज विचारलं, "गांधीजींनी मीठच का निवडलं? साखर का नाही?" दांडीची तारीख तोंडपाठ असलेला वर्ग एकदम गप्प झाला. तेव्हापासून खेळात एक गोष्ट मी सोडत नाही. पुढे काय घडलं हे कळायच्या आधी मुलांनी स्वतः निर्णय घ्यायचा.

खाली दिलेला डाव सविनय कायदेभंगाचा आहे. ३५ मिनिटांच्या दोन तासिका लागतात. जोडतास मिळाला तर उत्तम.

गट पाडा. बाकांप्रमाणे गट केले की हुशार मुलं एकत्र येतात, म्हणून एक ते आठ आकडे म्हणायला लावा. आठ गट, प्रत्येकात पाच-सहा जण. एक वाचणारा, एक लिहिणारा, एक बोलणारा, एक वेळ बघणारा आणि एक शंका काढणारा. या शेवटच्या मुलाचं काम एकच: गटाचं ठरत आलं की "पण असं झालं तर?" असं विचारायचं. पुढच्या खेळात कामं बदला, नाहीतर बोलणारा कायम तोच राहतो.

पाकिटं तयार करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू यासाठी फार कामाला येतात. चार ठिकाणं घ्या आणि एकेक ठिकाण दोन गटांना द्या, म्हणजे एकाच पेचावर दोन उत्तरं येतात. प्रत्येक गटाला दोन पाकिटं: दुसऱ्यात तिथे खरं काय घडलं ते लिहायचं, आणि ते गटाचा निर्णय झाल्यावरच उघडायचं. पहिल्या पाकिटात एक परिस्थिती:

शिरोडा: गाव समुद्रकाठी आहे, मिठागरं समोर दिसतात, पण सरकारच्या परवानगीशिवाय मीठ उचलणं गुन्हा आहे.

बिळाशी: समुद्र लांब. जवळ डोंगर आणि जंगल, पण जंगलावर सरकारचे निर्बंध.

मुंबई: तुम्ही गिरणी कामगार आहात. विलायती कापड भरलेला ट्रक काळबादेवीच्या रस्त्याने निघणार आहे.

सोलापूर: गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आहे. शहरात गिरण्या आहेत, हजारो कामगार आहेत.

सुरुवात पाच मिनिटांत सांगा. १२ मार्च १९३० ला गांधीजी ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीहून निघाले, सुमारे ३८५ किलोमीटर चालले आणि ६ एप्रिलला दांडीला मीठ उचलून कायदा मोडला. एवढ्यावर थांबा. पुस्तक बंद. आता विचारा, "तुमच्या गावात तुम्ही काय कराल?"

अटी तीनच. शस्त्र उचलायचं नाही. बायका आणि म्हातारी माणसंही सामील होऊ शकली पाहिजेत. आणि शेजारच्या गावालाही लगेच करता येईल असं काहीतरी हवं. या तिसऱ्या अटीवर मुलं खरी झगडतात, आणि मीठच का, हे त्यांना तिथेच उमगतं. मीठ प्रत्येकाच्या चुलीपाशी असतं.

दहा मिनिटं द्या आणि गटांमधून फिरा, पण उत्तर सुचवू नका. हे अवघड जातं. एकदा बिळाशीचा गट अडला होता. "समुद्रच नाही तर करायचं काय?" असं चाललेलं. एरवी हजेरीला 'हजर' म्हणण्यापलीकडे न बोलणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "जंगलातलं गवत सगळ्यांनी मिळून कापू. एकाला धरतील, गावाला कसं धरतील?" मी त्यांचं दुसरं पाकीट उघडायला सांगितलं. त्यात लिहिलं होतं: जंगल सत्याग्रह, बिळाशी, १९३०. संगमनेर, कळवण, चिरनेर आणि पुसद इथेही लोकांनी हाच मार्ग धरला होता. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसरी पाकिटं शांतपणे उघडा. मुंबईच्या पाकिटात बाबू गेनू आहेत: १२ डिसेंबर १९३०, ट्रकसमोर आडवा झालेला कामगार. सोलापूरच्या पाकिटात ६ मेचा हरताळ, गोळीबार, लष्करी कायदा आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ही नावं वाचताना घड्याळ आणि गुणफलक बाजूला ठेवा.

गुण नंतर द्या. कारण नीट मांडलं तर पाच, इतिहासाशी उत्तर जुळलं तर दोन. उलटं केलंत तर मुलं अंदाज बांधतात, विचार करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी उजळणीला 'तुझ्यामुळे मी' घ्या. रौलट कायदा, जालियनवाला बाग, असहकार, चौरीचौरा, सायमन कमिशन, पूर्ण स्वराज्याचा ठराव, दांडी अशी कार्डं वाटायची. पुढे फक्त घटना, मागे साल. मुलांनी क्रमाने उभं राहायचं आणि शेजाऱ्याकडे बघून "तुझ्यामुळे मी घडलो, कारण..." असं सांगायचं. एका गटाने चौरीचौरा दांडीनंतर लावलं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, कायदेभंगात लोक भडकले असतील. तर्क चुकीचा नव्हता, साल चुकलं होतं. चौरीचौरा १९२२ चं, आणि त्यामुळेच असहकार थांबवण्यात आला. दांडी आठ वर्षांनी. हा फरक त्या मुलांना आता कोणी विसरायला लावू शकत नाही. कधी दोन घटनांचा संबंध लागतच नाही. तेही मोकळेपणाने बोलू द्या, आधी घडलं म्हणून ते कारण होतंच असं नाही.

काही गोष्टींचा मात्र खेळ करू नका. जालियनवाला बागेतला गोळीबार वर्गात 'करून' दाखवायचा नसतो. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह शिकवताना मुलांना 'तू अमक्या जातीचा हो' अशा भूमिका देऊ नका. खेळ संपतो, पण वर्गात कुणाला तरी ते दिवसभर टोचत राहतं. हे धडे वाचून, बोलून, प्रश्न विचारून शिकवावेत.

शेवटचं आव्हान वर्गाबाहेरचं. आपल्या भागातल्या हुतात्मा स्मारकावर जाऊन एक नाव निवडायचं आणि घरच्या, गावातल्या वडीलधाऱ्यांना त्या माणसाबद्दल विचारायचं. मुदत पंधरा दिवस. ऐकीव काय आणि लिहिलेलं काय, याचे वहीत दोन वेगळे रकाने करायला लावा. ज्या गटाची माहिती दोन्ही रकान्यांत जुळेल, त्यांनी आपल्या गावाचं पाकीट बनवायचं. पुढच्या वर्षीच्या आठवीला शिरोडा आणि बिळाशीसोबत तेही द्यायचं.