कंत्राटावरून पर्मनंट होताना रेफरन्स कोणाचा द्यायचा, आणि कसा

गोव्यात वेर्णा, कुंडई, पिसुर्ले, तुये इथल्या कारखान्यांत कंत्राटावर दोन-चार वर्षे काढली, आता पर्मनंट जागेसाठी अर्ज भरायचा आहे. बहुतेकांची गाडी ‘सध्याची कंपनी’ या रकान्यापाशीच चुकते. गेट कारखान्याचे, युनिफॉर्म कारखान्याचा, साहेबही तिथलेच, म्हणून हात आपसूक कारखान्याचे नाव लिहितो. पण पगाराच्या स्लिपवर नाव कंत्राटदाराचे असते आणि पीएफही तोच भरतो. निवड झाल्यावर तपासणी करणारी एजन्सी कारखान्याच्या एचआरला विचारते, त्यांच्या रजिस्टरला हे नाव नसते, आणि अहवालात ‘माहिती जुळत नाही’ असा शेरा पडतो. अनुभव खरा असूनही ऑफर अडकते.

म्हणून मालकाच्या रकान्यात कंत्राटदाराच्या फर्मचे नाव लिहा आणि कामाच्या ठिकाणी ‘अमुक कंपनी, वेर्णा येथे कंत्राटावर’ असे स्पष्ट लिहा. यात कमीपणा काही नाही. इथल्या एचआरवाल्यांना कंत्राटी कामगार नवीन नाहीत. लपवलेली गोष्ट सापडली की मात्र त्यांना बाकीच्या फॉर्मवरही संशय येतो. पाच वर्षे एकाच लाइनवर काम केले पण मधे तीन कंत्राटदार बदलले, तर तिन्ही नावे तारखांसह वेगवेगळी लिहा. दोन कंत्राटांच्या मधे पंधरा-वीस दिवसांचा ब्रेक दाखवलेला असेल तर तोही तसाच ठेवा. तो पीएफच्या नोंदीत दिसतोच.

रेफरन्समागे दोन वेगळे प्रश्न असतात. हा माणूस खरेच इतके दिवस कामाला होता का? आणि कामाला कसा आहे? पहिल्याचे उत्तर कंत्राटदाराचे ऑफिस देऊ शकते, दुसऱ्याचे फक्त रोज काम बघणारा सुपरवायझर किंवा शिफ्ट इन्चार्ज. कंत्राटदाराने बऱ्याचदा तुम्हाला मशीनवर पाहिलेलेही नसते. त्याला ‘काम कसे होते’ विचारले तर तो ‘चांगले होते’ म्हणून फोन ठेवतो, आणि विचारणाऱ्याला तेवढ्यावरून काहीच कळत नाही. दोन्ही माणसे द्या आणि कोण कशासाठी तेही नावापुढे लिहा.

कंत्राटदाराकडून अनुभवाचा दाखला लेखी घ्या. कामगाराने मागितल्यावर तो देणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे, हे मागताना माहीत असलेले बरे. पण सुरुवात कायद्याने करू नका, साध्या अर्जाने करा. मजकूर तुम्हीच तयार करून दिला तर काम लवकर होते: ‘श्री. अमुक हे दि. … ते दि. … या काळात आमच्या कंत्राटाखाली वेर्णा येथील … कारखान्यात ब्लिस्टर पॅकिंग मशीनवर ऑपरेटर म्हणून कामाला होते.’ खाली यूएएन (तुमच्या पीएफ खात्याचा कायमचा) क्रमांक, सही, शिक्का, तारीख आणि ऑफिसचा चालू फोन हवा. हुद्द्याकडे नीट बघा. स्लिपवर ‘हेल्पर’ आणि दाखल्यावर ‘ऑपरेटर’ असेल तर तपासणीत तो फरक उठून दिसतो. अशा वेळी हुद्दा स्लिपप्रमाणे ठेवून पुढे ‘प्रत्यक्ष काम’ म्हणून मशीनचे नाव घालावे. गणेश चवथीच्या आधी-नंतर कंत्राटदारांची ऑफिसे आणि एचआर दोन्ही थंड असतात. त्या दिवसांत दाखला हवा असेल तर तीन आठवडे आधीच मागून ठेवा.

दाखला मिळाला तरी पीएफच्या पोर्टलवर जाऊन ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडाच. एजन्सी सर्वांत आधी तेच बघते. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे दिसते. कंत्राटदाराने सोडल्याची तारीख भरलीच नसेल तर कागदोपत्री तुम्ही अजून त्याच्याकडेच आहात. काम सोडून दोन महिने उलटल्यावर ‘मार्क एक्झिट’मधून ती स्वतः भरता येते, आधारला मोबाइल जोडलेला असला की ओटीपी येतो आणि काम होते. नावाचे स्पेलिंगही तपासा. गोव्यात ही जुनी डोकेदुखी आहे: जन्मदाखल्यावर नाईक हे ‘क्यू-यू-ई’ने संपते, आधारवर ‘के’ने, आणि पीएफमध्ये कंत्राटदाराच्या क्लार्कने जे ऐकले ते. आधारप्रमाणे सगळे एकसारखे करून घ्या, आणि ऑफर यायच्या आधी करा.

कंत्राटदाराने गाशा गुंडाळला असेल, फोन लागत नसेल, तरी घाबरू नका. सर्व्हिस हिस्टरी, पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेले बँक स्टेटमेंट, ईएसआयसीचा (कामगार विम्याचा) क्रमांक आणि जुन्या स्लिप एवढ्यावर बहुतेक एजन्सी समाधान मानतात. कोणीतरी ओळखीने ‘लेटर करून देतो’ म्हणेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. त्या फर्मचा पीएफ तुमच्या नावावर नाही हे पाच मिनिटांत कळते, आणि रुजू झाल्यानंतर कळले तर नोकरीही जाते.

आता सुपरवायझर. बऱ्याच कंपन्यांत लेटरहेडवर शिफारस द्यायची परवानगी साहेबांना नसते, त्यामुळे लेखी मागून त्यांना अडचणीत टाकू नका. एवढे विचारा: ‘सर, अमुक कंपनीत पर्मनंटसाठी माझे सिलेक्शन झाले आहे. त्यांचा फोन आला तर माझ्या कामाबद्दल बोलाल का?’ उत्तरात कां-कूं दिसली तर दुसरा माणूस शोधा. नाखुशीने दिलेला रेफरन्स नसलेल्यापेक्षा वाईट. हो म्हणाले तर त्याच दिवशी चार ओळी पाठवा: कोणत्या जागेसाठी अर्ज आहे, तुम्ही त्यांच्या हाताखाली कधीपासून कधीपर्यंत होता, कोणत्या मशीनवर, आणि एक-दोन ठळक कामे. फार्मा कंपनीत विचारणारा नेमके विचारतो: बॅच रेकॉर्ड (प्रत्येक बॅचच्या कामाची नोंद) वेळच्या वेळी भरतो की शिफ्ट संपताना एकदम? लाइन क्लिअरन्सला (नवी बॅच घेण्याआधी लाइन रिकामी-स्वच्छ आहे ना हे बघण्याला) घाई करतो का? नाइट शिफ्टला दांड्या मारतो का? आणि शेवटी, तुम्ही याला परत घ्याल का? बाकी गोड उत्तरांपेक्षा या शेवटच्या उत्तराला जास्त वजन असते.

हॉटेलवाल्यांनी हे काम सीझन संपायच्या आत उरकावे. पावसाळ्यात हाउसकीपिंगचे, किचनचे साहेब दुसऱ्या प्रॉपर्टीत जातात आणि त्यांचा हॉटेलचा ईमेल बंद होतो. एप्रिलमध्येच त्यांचा खासगी नंबर घेऊन ठेवा.

पर्वरी-पणजीकडे फ्रीलान्स किंवा कन्सल्टंट म्हणून काम करणाऱ्यांचा पीएफ नसतो, पगारावरच्या करकपातीचा (टीडीएसचा) दाखलाही नसतो. त्यांचा पुरावा म्हणजे करारपत्र, बिले आणि बिलावरच्या टीडीएसचा दाखला, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतच्या कपातीसाठी फॉर्म १६ए. मार्च २०२६ पर्यंतच्या २६एएसमध्ये (आयकर खात्याच्या करकपातीच्या पत्रकात) अशी कपात कलम १९४जे किंवा १९४सीखाली दिसते, पगाराची १९२खाली. म्हणून बायोडेटात ‘कर्मचारी’ असे लिहूच नका. गोपनीयतेचा करार असेल तर क्लायंटचे नाव देण्याआधी त्यालाच विचारा, आणि तो निदान काम व तारखांची खात्री देईल का ते ठरवून घ्या.

सध्याच्या जागी कळू द्यायचे नसेल तर फॉर्ममध्ये ‘ऑफर लेटर मिळाल्यानंतरच संपर्क करावा’ असे लिहा. ही विनंती सहसा पाळली जाते. सुपरवायझरच्या नंबराशेजारी फोन करायची वेळही टाका. फार्मा प्लांटच्या आत मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये असतो. एजन्सीचा फोन परराज्यातल्या अनोळखी नंबरवरून, तोही सकाळी अकराला येतो, दोनदा उचलला नाही की ‘संपर्क झाला नाही’ असे लिहून फाइल पुढे सरकते. पहिल्या शिफ्टचा माणूस असेल तर दुपारी साडेतीननंतर, असे स्पष्ट लिहा.