लुआंती आणि व्हॉक्सेलिब्रे: झॉम्बींच्या रात्रींचा सर्व्हर सोर्सपासून कसा उभा करायचा

चार-सहा मित्रांनी मिळून रात्रभर झॉम्बींपासून तग धरायचा खेळ स्वतःच्या मशीनवर चालवायचा असेल, तर ठोकळ्यांच्या जगाचे खेळ चालवणारं लुआंती हे इंजिन आणि त्यावरचा व्हॉक्सेलिब्रे हा गेम घ्या. दोन्हींचा सोर्स खुला आहे: इंजिन एलजीपीएल, गेम जीपीएल. जुन्या नावांनी शोधाल तर लुआंती म्हणजे माइनटेस्ट आणि व्हॉक्सेलिब्रे म्हणजे माइनक्लोन २. दोन्हींची नावं २०२४ साली बदलली. इंजिन सी प्लस प्लसमध्ये आहे, ते कंपाइल करावं लागतं, म्हणजे सोर्सपासून चालणारी फाइल बनवावी लागते. गेम सगळा लुआमध्ये आहे, तो नुसता योग्य फोल्डरमध्ये ठेवला की झालं.

खाली सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची. लुआंतीच्या सोर्समध्ये ‘माइनटेस्ट डॉट कॉन्फ डॉट एक्झाम्पल’ ही फाइल असते. तिच्यात इंजिनची प्रत्येक सेटिंग माहितीसकट आहे, तिथून कॉपी केलीत तर स्पेलिंग चुकणार नाही.

कंपाइल

डेबियन किंवा उबुंटू धरून चालू. कंपायलर, मेक आणि सीमेक (बिल्ड करणारी साधनं) आणि गिट (सोर्स उतरवण्यासाठी) घ्या. त्यांच्या जोडीला एसक्यूलाइट, कर्ल, झेडलिब, झेडस्टँडर्ड, जीएमपी, जेसनसीपीपी आणि लुआजिट यांची डेव्हलपमेंट पॅकेजेस, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं ती. फक्त सर्व्हर बनवायचा असल्यामुळे ओपनजीएल, ओपनएएल, एसडीएल यांच्या नादी लागू नका. ती क्लायंटसाठी लागतात.

लुआजिट मात्र विसरू नका. ते सापडलं नाही तर सीमेक कुरकूर न करता सोबत आलेला साधा लुआ वापरतं. बिल्ड यशस्वी होतो, सर्व्हर चालूही होतो, आणि वीसेक झॉम्बी एकत्र आले की अडखळायला लागतो. सगळ्या मॉबचं (खेळातल्या प्राण्या-राक्षसांचं) चालणं-मारणं लुआमध्येच असल्याने फरक तिथेच पडतो. म्हणून सीमेक चालवल्यावर त्याच्या आउटपुटमध्ये लुआजिटची ओळ डोळ्यांनी बघा, मगच पुढे जा.

इंजिनचा सोर्स गिटने क्लोन करताना ‘स्टेबल ५’ ही ब्रँच (नावात मध्ये हायफन) घ्या. मास्टरवर रोज काम चालू असतं, सर्व्हरसाठी ती नको. सीमेकला तीन पर्याय द्यायचे (यांची नावं मात्र मोठ्या अक्षरांत): ‘बिल्ड सर्व्हर’ ट्रू, ‘बिल्ड क्लायंट’ फॉल्स आणि ‘रन इन प्लेस’ ट्रू. शेवटच्यामुळे वर्ल्ड, गेम, सेटिंग सगळं एकाच फोल्डरमध्ये राहतं. तो फॉल्स असेल तर इंजिन होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘डॉट माइनटेस्ट’मध्ये शोधाशोध करतं आणि तुम्ही भलत्याच ठिकाणची सेटिंग बदलत बसता. मध्येच एखादा पर्याय बदललात तर सीमेकची कॅश फाइल पुसून पुन्हा सुरुवात करा.

मेक चालवताना एक जीबी रॅमच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या ऑनलाइन सर्व्हरवर) ‘किल्ड’ असा शब्द दिसून बिल्ड थांबला तर कोडमध्ये दोष नाही, मेमरी संपली आहे. दोन जीबी स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) जोडा आणि एकाच वेळी चालणाऱ्या जॉबची संख्या एकवर आणा. वेळ लागेल, पण होईल. शेवटी ‘बिन’ फोल्डरमध्ये ‘लुआंतीसर्व्हर’ ही फाइल तयार होते.

आता ‘गेम्स’ फोल्डरमध्ये व्हॉक्सेलिब्रे क्लोन करा आणि सर्वात अलीकडच्या रिलीजच्या टॅगवर जा. फोल्डरचं नाव आधीच ठरवून ठेवा, कारण तेच गेमआयडी होतं आणि वर्ल्ड बनताना ‘वर्ल्ड डॉट एमटी’मध्ये लिहिलं जातं. पुढे फोल्डरचं नाव बदललं की गेम सापडत नाही असा एरर येण्याची शक्यता असते आणि लोकांना वाटतं वर्ल्ड खराब झालं.

पहिल्यांदा चालू करण्याआधी

‘माइनटेस्ट डॉट कॉन्फ’ या सेटिंग फाइलमधल्या ‘नेम’ला जे नाव द्याल त्या खेळाडूला सगळे अधिकार मिळतात. पण ते नाव कोणाचं हे सर्व्हरला माहीत नसतं. त्या नावाने जो पहिला येऊन पासवर्ड ठेवेल तो अ‍ॅडमिन. म्हणून फायरवॉलमध्ये पोर्ट बाहेरच्यांसाठी बंद असतानाच स्वतः आत जाऊन नाव नोंदवा, मगच पोर्ट उघडा. ‘डिसअलाउ एम्प्टी पासवर्ड’ ट्रू करा. सर्व्हर रूटने चालवू नका, वेगळा युजर करा.

पोर्ट ३००००, आणि तो यूडीपी. टीसीपी उघडून ‘कनेक्ट होत नाही’ म्हणणारे फार आहेत. घरच्या ब्रॉडबँडवर असाल तर राउटरमध्ये हा पोर्ट फॉरवर्ड करायचा, पण त्याआधी राउटरच्या पानावरचा वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग फॉरवर्डिंग कितीही नीट केलंत तरी बाहेरून कोणी येणार नाही. टेलस्केलसारखं खाजगी नेटवर्क सगळ्यांच्या मशीनवर टाका, नाहीतर स्वस्त व्हीपीएस घ्या.

रात्र ठरवणं

खेळात मजा येणार की नाही ते इथे ठरतं. डिफॉल्ट ‘टाइम स्पीड’ ७२ आहे, म्हणजे खेळातला पूर्ण दिवस खऱ्या २० मिनिटांत संपतो. एवढ्यात भिंत बांधून होत नाही आणि रात्रीची धास्तीही बसत नाही. ३६ केलंत तर दिवस ४० मिनिटांचा, २४ केलंत तर तासाचा. पाच-सहा जणांच्या गटाला ३६ चांगलं बसतं. २४ ला रात्र इतकी लांबते की ज्यांचं अन्न संपलंय ते लॉगआउट होऊन निघून जातात.

झॉम्बी अंधारात उगवतात आणि उन्हात जळतात. सावलीत किंवा पाण्यात असलेला मात्र सकाळ झाली तरी जिवंत राहतो, म्हणून तळाच्या छपराखाली दोन-चार सापडतातच. प्रत्येकाचे २० हेल्थ पॉइंट. मशाली लावलेल्या जागेत नवे उगवत नाहीत. तळाभोवती उजेडाचं कडं केलं की ते बाहेरून चालत येतात. झोपून रात्र टाळण्यासाठी सर्व खेळाडूंनी झोपायला हवं, ही अट शंभर टक्क्यांवरच ठेवा. ती कमी केलीत तर दोघे आळशी जण सगळ्यांची रात्र खाऊन टाकतात.

व्हॉक्सेलिब्रेत क्रीपर, सांगाडे, कोळीही येतात. फक्त झॉम्बी हवे असतील तर वर्ल्डच्या फोल्डरमध्ये ‘वर्ल्डमॉड्स’ बनवून त्यात छोटा मॉड ठेवा. मॉडच्या कॉन्फ फाइलमध्ये ‘डिपेंड्स’पुढे ‘मॉब्स एमसी’ लिहा. लुआ फाइलमध्ये नको असलेल्या मॉबच्या नावांची यादी करा, कोरच्या ‘रजिस्टर्ड एंटिटीज’ या टेबलमधून प्रत्येकाची व्याख्या शोधा आणि तिचं ‘ऑन अ‍ॅक्टिव्हेट’ बदलून त्या ऑब्जेक्टला लगेच रिमूव्ह करणारं फंक्शन बसवा. व्याख्या सापडली का ते तपासूनच बदला. पुढच्या आवृत्तीत एखादं नाव बदललं आणि तपासणी नसेल, तर सर्व्हर सुरूच होणार नाही. आधी उगवून नकाशात साठलेले क्रीपरही त्या भागात कोणी गेलं की गायब होतात, कारण लोड होतानाही हेच फंक्शन चालतं.

जग लहान ठेवावं म्हणून ‘मॅपजेन लिमिट’ १००० करण्याचा मोह होतो. करू नका. ही मर्यादा उंची-खोलीलाही लागते आणि व्हॉक्सेलिब्रेचं नेदर (खोलवरचं वेगळं जग) सुमारे उणे २९,००० खोलीवर असतं. ते तयारच होणार नाही.

लॅग

झॉम्बीचा हल्ला सर्व्हर मोजतो. सर्व्हर मागे पडला की तो तीन पावलं दूर दिसत असताना मार बसतो, आणि खेळाडूला तो अन्याय वाटतो; वाटायलाच हवा. चॅटमध्ये ‘स्टेटस’ कमांड दिली की ‘मॅक्स लॅग’ दिसतो. डिफॉल्ट सर्व्हर स्टेप (सर्व्हर खेळाचा हिशोब किती वेळाने करतो ते) ०.०९ सेकंदाची आहे. आकडा अर्ध्या सेकंदावर जायला लागला तर ‘अ‍ॅक्टिव्ह ब्लॉक रेंज’ ४ वरून ३ करा. एक ब्लॉक १६ नोडचा (नोड म्हणजे एक ठोकळा), म्हणजे ६४ नोडऐवजी ४८ नोडपर्यंतच जग जिवंत राहील. त्याच वेळी ‘अ‍ॅक्टिव्ह ऑब्जेक्ट सेंड रेंज ब्लॉक्स’ही ८ वरून ४ वर आणा. ती मोठी राहिली तर खेळाडू ज्या दिशेला बघतो तिकडचे झॉम्बी सर्व्हर त्या अंतरापर्यंत चालवत राहतो आणि पहिल्या बदलाचा फायदा बराचसा वाया जातो.

दुसरं कारण नवा नकाशा. सगळे चार दिशांना पळाले की जमीन तयार करण्यातच प्रोसेसर अडकतो. खेळ सुरू करण्याच्या आदल्या दिवशी अ‍ॅडमिनने तळाच्या जागी उभं राहून ‘इमर्जब्लॉक्स’ कमांड ‘हिअर’ आणि २०० त्रिज्येसकट द्यावी.

बॅकअप आणि अपडेट

सर्व्हर सिस्टमडीची (लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या व्यवस्थेची) सर्व्हिस म्हणून चालवा आणि थांबवताना तिच्यातूनच थांबवा. ‘किल’ला उणे नऊ लावून मारला तर शेवटचे काही क्षण सेव्ह होत नाहीत. नकाशा, खेळाडू आणि पासवर्ड तीन वेगवेगळ्या एसक्यूलाइट फाइलींत असतात. चालू सर्व्हरवर त्या एकेक कॉपी केल्या तर वेळा जुळत नाहीत. परत लावल्यावर एकाची तलवार पेटीतही असते आणि हातातही. सर्व्हिस थांबवून पूर्ण वर्ल्ड फोल्डर टार करा (एका फाइलीत बांधा), मग सर्व्हिस चालू करा. अपडेटच्या आधी हा बॅकअप हवाच. नव्या इंजिनने लिहिलेले ब्लॉक जुन्या इंजिनला वाचता येतील याची खात्री नसते, त्यामुळे परत जायचं झालं तर जुना बिल्ड आणि जुना टार दोन्ही लागतात.